धुतलेला डबा

"ह्यानंच हानला," असं म्हणून चंद्राबाईने डबा माझ्या टेबलावर ठेवला.

तीन पुडांचा पितळी डबा होता, जड आणि जुन्या घडणीचा. मधल्या पुडाला एका बाजूने चांगलाच पोचा आला होता. तो पोचा रामलिंग पाटण्याच्या नाकाने पाडलेला, हे मला ठाऊक होतं. तेच नाक बांधून पाटणे चार दिवस गिरणीच्या दवाखान्यात पडून होता आणि गावाला दुसरा विषय नव्हता. चंद्राबाई मात्र डबा कल्हईला आणल्यासारखी निवांत बसली होती.

ही गोष्ट त्र्याण्णव सालची. मी सव्वीस वर्षांची होते. कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे आणि दर शनिवारी गावाबाहेरच्या सूतगिरणीत जाऊन बसायचे. तिथे दवाखान्याशेजारी एक खोली मला दिली होती. दारावर 'समुपदेशन केंद्र' अशी पाटी होती आणि बायका तिला डोक्याचा दवाखाना म्हणायच्या. खोलीत मी स्वतः रंगवलेला एक तक्ता लावला होता: माणूस आक्रमक का होतो? त्यात मेंदूचं चित्र होतं, मेंदूतली रागाची बदामाएवढी गाठ होती, रक्तात मिसळणारी संप्रेरकं होती, मनातली कोंडी होती, लहानपणी घरात पाहिलेली मारहाण होती. प्रत्येकापासून एक बाण निघून मधल्या आवळलेल्या मुठीकडे जात होता. त्याच वर्षी मी या विषयावर विद्यापीठात निबंध वाचला होता, त्यामुळे जगातल्या प्रत्येक ठोशाचं कारण आपल्या तक्त्यात आहे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

चंद्रभागा तोडकर, वय शेहेचाळीस, नोकरी सतरा वर्षं, रिंगफ्रेम खातं, म्हणजे सूत कातायच्या यंत्रांचं. वरिष्ठावर हात उगारला म्हणून तिला कामावरून थांबवलं होतं आणि चौकशी लागली होती. चौकशीआधी तिची मानसिक तपासणी करून अहवाल द्यावा, असं पत्र मला आलं होतं.

मी फॉर्म पुढे ओढला आणि सुरुवात केली. लहानपणी वडील मारायचे का, असं विचारलं.

"मारायचे की. आमा समद्यास्नी मारायचे. भावाला तर लई. त्यो आता भजनात मृदंग वाजिवतो, मुंगी मारत न्हाई."

मी 'होय' एवढंच लिहिलं, कारण भावाच्या मृदंगाला फॉर्मात जागा नव्हती. मग झोपेचं विचारलं, भुकेचं विचारलं, नवऱ्याचं विचारलं. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. मासिक पाळीचं विचारलं. ती थांबून दोन वर्षं झाली होती. ते ऐकताच माझं पेन आपोआप फॉर्मावर जोरात चाललं आणि तिने ते पाहिलं.

"बाई, येक इचारू का?" ती म्हणाली. "ह्ये समदं पाटण्यालाबी इचारलं का तुमी?"

मी म्हटलं, पाटण्यांना विचारायचं कारण नाही, त्यांनी मारलेलं नाही. तिने तक्त्याकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे. आणि कुणी न विचारता सगळं सांगायला बसली.

गिरणीत नियम होता, की यंत्रावर काम करताना बायकांनी बांगड्या वर सारून चिंधीने दंडाला बांधाव्यात, म्हणजे त्या फिरत्या चात्यांत अडकणार नाहीत. नियम चांगला होता. बांगडीपायी एकीची दोन बोटं गेलेली सगळ्यांनी पाहिली होती. चिंधी नीट आवळली आहे की नाही हे रोज सकाळी खात्याच्या सुपरवायझरने पाहावं, असंही त्या नियमात लिहिलं होतं. सुपरवायझर पाटणे. तो डोळ्यांनी पाहत नसे, हाताने पाहायचा. चिंधीची गाठ चाचपायची, मग बांगड्या खाली येतात का ते बघायला दंड दाबायचा, मग बोटं आणखी वर जायची. चाळीस बायका ओळीने उभ्या असायच्या. वयस्करांपाशी त्याला दोन सेकंद लागायचे, नव्यांपाशी मिनिट. यंत्रं सुरू झालेली असायची, त्या आवाजात कुणी काही बोललं तरी ऐकू जायचं नाही. कुणी हात मागे घेतलाच, तर त्या दिवशी तिला सगळ्यात खराब फ्रेमवर उभं करायचं, जिथे क्षणाक्षणाला धागा तुटतो आणि पाण्याचा घोट घ्यायला सवड मिळत नाही.

चंद्राबाईने वर्षभरात तीन अर्ज दिले होते. मागणी साधी होती: तपासणी बाईमाणसाने करावी. स्वतःला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिने भाच्याकडून लिहून घेतले आणि कामगार कल्याण अधिकारी वाळिंबे यांच्या हातात नेऊन दिले. तिन्हींचं काय झालं ते तिला कळलं नाही.

मग सुगंधा कामाला आली. एकोणीस वर्षांची, लग्नाला दीड महिना झालेला, मनगटापासून हिरवा चुडा. त्या मंगळवारी पाटण्याने तिची गाठ सैल आहे म्हणून बांगड्या मुठीत धरून दाबल्या. पाच फुटल्या. काचा दंडात शिरल्या. तो म्हणाला, बघ, मशीनवर असतीस तर हात गेला असता. आणि हसला.

"त्या पोरीनं तोंडातनं आवाज काडला न्हाई," चंद्राबाई म्हणाली. "रगात पुसलं आन फ्रेमवर हुभी ऱ्हायली. नवी सून हाय, घरी कळलं तर काम सुटंल. म्या बघत व्हते."

"आणि तुमचा तोल गेला," मी म्हटलं. मला वाटलं, मी तिला मदत करते आहे.

"तोल कशाला जाईल? तवा सकाळचं साडेसात वाजलं व्हतं. म्या जेवनाच्या सुट्टीपातुर काम केलं. सुट्टी झाल्यावर भाकरी खाल्ली. वांग्याचं कालवन व्हतं, सुगंधीला अर्दं दिलं. मंग नळावर जाऊन डबा धुतला, राख लावून. फडक्यानं पुसून कोरडा केला, पुडं येकावर येक बशिवली, कडी लावली. मंग त्येच्यापुढं जाऊन हुभी ऱ्हायले आन हानला."

मी विचारलं, डबा धुतला कशाला?

"खरकट्या भांड्यानं मारू का बाई मानसाला?" ती म्हणाली.

मी हसले. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला ती फार आवडली. जाताना ती दारात थांबली. काय लिहायचं ते लिहा, म्हणाली, नोकरी जायची तर जाईल, भाच्याच्या रसवंतीवर बसेन. "पर म्या ध्यानावर न्हवते असं तेवडं लिवू नका. म्या ध्यानावर व्हते म्हनून बोलाया आलेय. त्येनं काय केलं ह्ये सांगाया दुसरं कोन हुभं ऱ्हानार न्हाई."

मी मान डोलावली. ही मान मी पुढे पुष्कळदा आठवली आहे.

सोमवारी वाळिंबे कॉलेजात आले. पन्नाशीचे, मृदू बोलणारे, खिशात बडीशेपेची डबी ठेवणारे गृहस्थ. चहा घेता घेता त्यांनी सगळं मला समजावून सांगितलं. जाणूनबुजून मारलं असं ठरलं, तर चंद्राबाईला बडतर्फ करण्यावाचून इलाज नाही. पण वयाचा परिणाम, शरीरातले बदल, भान सुटणं, असं काही शास्त्रीय भाषेत आलं, तर ताकीद देऊन कामावर घेता येईल. विधवा बाई आहे, मॅडम, तुमच्या एका कागदावर तिची चूल आहे, असं ते म्हणाले.

मी पाटण्याबद्दल विचारलं. वाळिंब्यांनी बडीशेप तोंडात टाकली. शेवटी पुरुषाचा पिंड असतो, म्हणाले, त्यात बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली. शिवाय त्याचा बाप फार मारकुटा होता, लहानपणी पोराने खूप सोसलं आहे. माणूस मुळात वाईट नाही. मी हे सगळं ऐकून घेतलं. एका दमात माझ्या तक्त्यावरचे दोन बाण त्यांनी वापरले होते आणि विद्यार्थ्याने बरोबर उत्तर द्यावं तसं मला समाधान वाटलं. आज ते आठवलं की माझं मलाच तोंडात मारून घ्यावंसं वाटतं. तेच शास्त्र त्याच्याकडे वळलं की त्याचं पांघरूण होत होतं आणि तिच्याकडे वळलं की तिच्या तोंडावरचा बोळा, हे मला दिसायला हवं होतं. दिसलं नाही. मी अहवाल इंग्रजीत टाइप केला. पाळी गेल्याचं लिहिलं, वडिलांच्या माराचं लिहिलं, वैधव्याचं लिहिलं, आणि शेवटी लिहिलं की क्षणिक आवेगात, भान सुटून ही कृती घडली.

डबा धुतल्याचं लिहिलं नाही. ते वाक्य मी कच्च्या कागदावर लिहिलं होतं. पक्क्या अहवालात त्याच्यामुळे सगळं बिघडत होतं, म्हणून गाळलं. चंद्राबाई शनिवारी विचारायला आली, तेव्हा मी सांगितलं की तुमच्या भल्याचंच लिहिलं आहे. तिचा विश्वास बसला. का बसू नये?

चौकशी पुढच्या गुरुवारी झाली, गिरणीच्या वरच्या मजल्यावर, सकाळी अकराला. चौकशी अधिकारी म्हणून बिडवे नावाचे निवृत्त वकील बाहेरून बोलावले होते. टेबलाच्या एका बाजूला वाळिंबे, त्यांच्या पलीकडे नाकावर पट्टी लावलेला पाटणे. समोर चंद्राबाई, धुवट पातळ नेसून, मांडीवर डबा घेऊन. पुरावा म्हणून तो आणायला सांगितलं होतं. सुगंधा आली नव्हती. तिच्या सासूने निरोप पाठवला होता की आमच्या सुनेला कसल्याही भानगडीत ओढू नये, बांगड्या तिच्याच हातून फुटल्या.

विषय दोन होते. चंद्राबाईने पाटण्याला मारलं हा एक. आणि पाटणे बायकांच्या अंगचटीला जातो, ही चंद्राबाईची तक्रार हा दुसरा. दोन्ही एकदमच निकाली काढायचे होते.

वाळिंब्यांनी माझा अहवाल मराठीत वाचून दाखवला. ते फार सुंदर वाचायचे. पाळीचा उल्लेख आला तेव्हा पाटण्याने खिडकीबाहेर पाहिलं आणि त्याचे खांदे हलले. चंद्राबाईचं पाटण्याकडे लक्ष नव्हतं, ती माझ्याकडे बघत होती. 'भान सुटून' हे शब्द आले तेव्हा तिच्या हाताखालची डब्याची कडी वाजली, तेवढंच.

बिडव्यांनी चष्मा काढून पुसला. मग सावकाश सांगितलं, की तज्ज्ञांचा अहवाल पाहता मारहाणीबद्दल सहानुभूतीने विचार करायला हरकत नाही. पण मग दुसऱ्या तक्रारीचंही उत्तर याच कागदात आहे. त्या दिवशी बाईंना भान नव्हतं असं तज्ज्ञच म्हणतात. तर त्याच दिवशी बाईंनी काय पाहिलं, त्याला पुरावा कसं धरायचं? आणि आधीचे म्हणून जे अर्ज सांगतात, त्यांची तर दप्तरी नोंदच नाही.

वाळिंबे समोरच्या कागदाची घडी नीट करत होते. तीन अर्ज त्यांच्या हातात दिले होते, त्यांच्या खणात गेले होते. चंद्राबाईचा शब्द टिकला असता तर पाटण्याआधी त्यांना उत्तर द्यावं लागलं असतं. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात त्या टेबलाशी बसल्यावर शिरली. त्यांना चूल वाचवायची होती ती कुणाची, हेही तेव्हाच कळलं.

बिडव्यांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, साक्षीदाराला काही विचारायचं आहे का.

चंद्राबाई उठली. तिने डबा टेबलावर ठेवला, पोचा माझ्याकडे करून.

"येकच इचारायचं हाय," ती म्हणाली. "बाई, ह्यो डबा म्या कवा धुतला? मारायच्या आदी का मागनं? म्या तुमास्नी सांगितलं व्हतं. तेवडं सांगा."

बिडव्यांना त्या प्रश्नाचा अर्थ लागला नाही. असल्या प्रश्नाचा इथे काय संबंध, असं ते पुटपुटले, पण विचारलं आहे तर उत्तर द्या म्हणाले. खोलीत अर्थ लागलेल्या आम्ही दोघीच होतो. आधी धुतला, असं मी म्हटलं की सगळं उलटत होतं. भाकरी खाऊन, भांडं घासून, पुसून मग मारणाऱ्या बाईचं भान सुटलं होतं असं कुणी म्हणू शकत नव्हतं. तिची नोकरी जाणार होती. पण ती शुद्धीवर ठरणार होती, आणि मग तिने जे पाहिलं ते पाहिलंच होतं. हा सौदा तिने आधीच पुरता विचार करून ठरवला होता, रसवंतीसकट.

ती माझ्याकडे बघत होती, वाळिंबेही बघत होते. माझ्या सहीचा कागद टेबलावर पडला होता. मी जर 'आधी' म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता, मग हे अहवालात का नाही?

"आठवत नाही," मी म्हणाले.

तिची नोकरी वाचावी म्हणून मी तसं म्हणाले, हे खरं आहे. माझा कागद खोटा पडू नये म्हणून म्हणाले, हे जास्त खरं आहे. इतकी वर्षं मी पहिलं कारण पुढे करत आले आणि दुसरं झाकत आले.

चंद्राबाईने डबा उचलला आणि खाली बसली. पुढचं सगळं पाच मिनिटांत आटोपलं. तिला लेखी ताकीद, पाटण्याविरुद्धची तक्रार निकाली. आणि एक अट: तिने दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी समुपदेशन केंद्रात हजर राहून माझी सही घ्यावी.

पाटणे त्याच खात्यावर राहिला. सुगंधा महिन्याभरात दिसेनाशी झाली, घरीच बसवली म्हणे. आणि बांगड्यांची तपासणी चालू राहिली. चंद्राबाईने एकदा ओळीतून ओरडून काही सांगायचा प्रयत्न केला, तर पाटणे सगळ्यांदेखत म्हणाला की बाईंना दवाखान्यात न्या, आज शनिवार आहे का बघा. बायका हसल्या. त्यातल्या बऱ्याच भीतीने हसल्या असतील, पण हसल्या. त्यानंतर तिने काहीही म्हटलं, खराब कापसाबद्दल किंवा पिण्याच्या गढूळ पाण्याबद्दल, की कुणीतरी आपल्या कपाळाशी बोट फिरवून दाखवायचं. माझ्या कागदाने तिची नोकरी वाचली होती आणि तिच्या तोंडचा प्रत्येक शब्द कायमचा बाद केला होता. डब्याच्या एका तडाख्याबद्दल तिला एवढी मोठी शिक्षा बडतर्फीनेही झाली नसती.

ती अट तिने चुकवली नाही. पहिल्या शनिवारी यायची, समोर बसायची, डबा मांडीवर. मी पहिल्या वेळी बोलायचा प्रयत्न केला, मला समजून घ्या असं काहीतरी म्हणाले. ती तक्त्याकडे बघत राहिली. दुसऱ्या वेळी मी तक्ता काढून ठेवला होता. भिंतीवर त्याच्या जागी पांढरट चौकोन उरला होता, तिने तोही नीट पाहून घेतला. दहा मिनिटं झाली की हात पुढे करायची, मी हजेरीच्या वहीवर सही करायचे, ती उठायची. असे अकरा शनिवार. बाराव्याच्या आधी मी वाळिंब्यांना राजीनामा पाठवला. धाडस म्हणून नाही, तिचं ते समोर बसणं मला सोसवेना म्हणून.

अकराव्या शनिवारी मी तिला सांगितलं होतं की मी पुढच्या महिन्यापासून येणार नाही. तेव्हा सही झाल्यावरही ती उठली नाही.

"शेवटचं हाय तर इचारा की," ती म्हणाली. "आता राग येतो का, म्हनून."

मी विचारलं नाही.

"बाई, तुमी वाईट न्हाई. पाटण्याबी वाईट न्हाई म्हनं, त्येचा बाप मारायचा. वाळिंबे सायबबी वाईट न्हाई. म्हंजी वाईट कोनीच न्हाई. आन त्या पोरीच्या दंडात काचा मातुर घुसल्या." तिने वही बंद केली. "तुमास्नी आठवत व्हतं. म्या बघितलं तुमच्या तोंडाकडं."

आणि ती गेली. त्यानंतर आमची गाठ पडली नाही. गिरणी पुढे बंद पडली, पाटणे म्हणे खातेप्रमुख होऊन निवृत्त झाला, आणि चंद्राबाई रसवंतीवर बसायची असं कुणी म्हणालं, कुणी म्हणालं वारली. मी कॉलेजात आणखी सव्वीस वर्षं शिकवलं. आक्रमकतेचं प्रकरण दर वर्षी यायचं, मी ते दर वर्षी शिकवायचे, मेंदू, संप्रेरकं, कोंडी, अनुकरण, आणि परीक्षेत पोरं ते सगळं अचूक लिहायची. एकानेही कधी विचारलं नाही की मारणाऱ्याचं म्हणणं बरोबर असेल तर ते कुठल्या रकान्यात लिहायचं. मीही सांगितलं नाही.

आठवत नाही, असं मी म्हणाले होते. तर आता सांगते. वांग्याचं कालवण होतं. अर्धं सुगंधाला दिलं होतं. नळावर राख लावून तिन्ही पुडं घासली, मोठं आधी, धाकटं शेवटी. फडक्याने कोरडी केली, एकावर एक बसवली, कडी लावली. डबा तिने आधी धुतला. मग मारला.